काशी: नावेतून घाट बघायचे आहेत, हाताशी एकच सकाळ

दोनतिकिटं | सोमवार, रात्री ९.१०

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात वाराणसी. सहा जण, दोघं सत्तरीपुढचे, त्यातल्या एकांचे गुडघे दुखरे. दीड दिवस मुक्काम, नावेसाठी एक सकाळ मोकळी. नेटवर जे सापडतं त्यात नुसतं "अविस्मरणीय अनुभव" असतं, कामाचं काही नाही. म्हणून नेमकं विचारतो:

१. अस्सीवरून बसावं की दशाश्वमेधवरून?
२. हाताने वल्हवायची नाव, मोटरबोट की ती दुमजली क्रूझ?
३. पेशवे, होळकर, शिंदे यांचे घाट नावेतून ओळखू येतात का? कुठपर्यंत जावं लागतं?
४. दुखऱ्या गुडघ्यांनी चढ-उतार कुठे सोपा?

---

वल्हवत | सोमवार, रात्री १०.०२

आधी नदीची दिशा डोक्यात पक्की करा, निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

गंगा बनारसला दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. सगळे घाट पश्चिम काठावर, तोंड पूर्वेला. समोरच्या काठावर नुसती रेती. याचं कारण साधं आहे. पश्चिमेचा काठ कंकराचा, उंच आणि टणक, तर पूर्वेचा सखल. दर पावसाळ्यात पाणी तिकडे पसरतं. अस्सी हे दक्षिण टोक, म्हणजे वरचं अंग. राजघाट-आदिकेशव हे उत्तर टोक, खालचं अंग. मधलं अंतर साधारण साडेसहा किलोमीटर. घाट चौऱ्याऐंशी म्हणायची पद्धत आहे, मोजायला बसलात तर एखाददुसरा कमीजास्त भरेल.

तेव्हा उत्तर १: अस्सी. सूर्योदयाला बसायचं आणि प्रवाहाबरोबर खाली यायचं. घाट डाव्या हाताला राहतात, म्हणून सगळ्यांनी डावीकडे तोंड करून बसा. उन्हाची पहिली तिरीप थेट पायऱ्यांवर पडते.

दशाश्वमेधला बसलात की होतं काय, तर नाववाला आधी प्रवाहाविरुद्ध हरिश्चंद्र घाटाकडे नेतो, तिथून वळून मणिकर्णिका दाखवतो (हे दोन्ही दहनाचे घाट) आणि परत दशाश्वमेधला सोडतो. तासाभराच्या फेरीतला निम्मा वेळ पाण्याशी झटापट करण्यात जातो, आणि मणिकर्णिकेच्या पुढचं काहीच दिसत नाही. तुमच्या तिसऱ्या प्रश्नातला मोठा भाग तर नेमका त्या पुढच्या पट्ट्यात आहे.

हाताने वल्हवणाऱ्या नावेचा अंदाज, पाणी शांत असताना: अस्सी ते दशाश्वमेध पाऊण ते एक तास, तिथून मणिकर्णिका पंधरा-वीस मिनिटं, पुढे पंचगंगा आणखी तेवढीच. रेंगाळत गेलात तर दोन तास धरा.

---

संत्रानगरी | सोमवार, रात्री १०.३०

राजेहो, "एक तासात सगळे घाट" असं कोणी म्हटलं की समजायचं, आपला भोसले घाट काही दिसत नाही. मणिकर्णिकेवरून वळू नका एवढंच सांगतो. जरा पुढे गेलं की नागपूरकरांची दगडी भिंत उभी आहे, वर बारक्या खिडक्या. वल्हवत +१.

---

दोनतिकिटं | सोमवार, रात्री १०.४१

पण एकाच दिशेने गेलं तर परत कसं यायचं? नाववाला तयार होतो का?

---

वल्हवत | सोमवार, रात्री ११.१५

होतो, फक्त भाव ठरवताना ते आधी बोलायचं. तुम्ही उतरून गेलात तरी त्याला रिकामी नाव प्रवाहाविरुद्ध परत न्यायची असते, म्हणून एकेरी फेरीचे पैसे निम्मे होत नाहीत. हे कळलं की घासाघीस कुठवर ताणायची तेही कळतं. परतताना तो काठाला चिकटून, बांधलेल्या नावांच्या अगदी कडेने जातो, कारण तिथे ओढ कमी असते. नाहीतर एखाद्या मोटरबोटीच्या मागे दोर लावून घेतो. पूर्वी काठावरून माणसं दोराने नाव ओढत नेत, त्या दोराला तिकडे "गून" म्हणतात.

नावेत पाय ठेवण्याआधी चार गोष्टी तोंडी वदवून घ्या: भाव नावेचा की माणशी, कुठून कुठे, किती वेळ, उतरवणार कुठे. "कुठपर्यंत" याचं उत्तर घाटाच्या नावाने घ्या. "पूरा घाट घुमा देंगे" हे उत्तर नाही. "पंचगंगा तक, वहीं उतरेंगे" हे उत्तर. पैसे उतरताना द्यायचे, आधी नाही.

रिक्षावाल्याने किंवा हॉटेलच्या माणसाने आणून बसवलं तर त्याचं कमिशन भावात धरलेलंच असतं. अस्सीच्या पायऱ्या स्वतः उतरा, वल्ह्याशी बसलेल्या माणसाशी बोला.

---

ब्रह्माघाटकर | मंगळवार, सकाळी ७.२०

इकडच्या मराठी वस्तीतून लिहितो आहे, तेव्हा तिसरा प्रश्न माझा. अस्सीकडून निघालात असं धरून क्रमाने सांगतो.

अस्सीला लागूनच गंगामहाल लागेल, तो काशीनरेशांचा. नावाचा घोळ इथेच होतो. गंगामहाल दोन आहेत आणि ग्वाल्हेरवाल्यांचा दुसरा पार मणिकर्णिकेच्या पुढे आहे. मागे भदैनीत राणी लक्ष्मीबाईंच्या जन्मस्थानाचं स्मारक आहे. मोरोपंत तांबे इथे चिमाजीअप्पांच्या पदरी होते. हे चिमाजी म्हणजे दुसऱ्या बाजीरावांचे भाऊ, वसईचे नव्हेत. नावेतून स्मारक दिसत नाही, अस्सीवरून चालत जावं लागतं. भदैनी घाटावर पाणीपुरवठ्याचे जाडजूड बुरूज दिसतील, ते कुठल्या राजाचे म्हणून विचारू नका!

चेतसिंह किल्ला ओळखायला सोपा, भिंत सरळ पाण्यातून वर येते. १७८१ मध्ये वॉरन हेस्टिंग्जच्या वेढ्यातून राजा चेतसिंह याच भिंतीच्या खिडकीतून खाली उतरून नावेने निसटला. पुढे हरिश्चंद्र, मग लालपांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा केदार. तो दाक्षिणात्यांचा.

पहिला ठळक मराठी घाट म्हणजे राजा घाट. राघोबादादांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे इंग्रजांशी तह करून काशीत येऊन राहिले, त्यांनी तो बांधून काढला. दगडी, भारदस्त, आणि बहुतेक नाववाले त्यावरून शब्द न काढता पुढे जातात. तुम्हीच विचारा.

मग मुन्शी घाट. आज दरभंगा महालाच्या सलग दर्शनी भागात तो मिसळून गेला आहे, पण बांधणारे श्रीधर नारायण मुन्शी नागपूर दरबारचे. वाळूच्या दगडाचे गोल बुरूज आणि उंच खांब दिसले की तोच. लगेच अहिल्याबाई घाट, नाव भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं आहे.

दशाश्वमेधाबद्दल एक दुरुस्ती आधीच करून ठेवतो, कारण "अहिल्याबाईंनी बांधला" असं सर्रास लिहिलं जातं. आजच्या रूपातला घाट नानासाहेब पेशव्यांच्या काळातला, १७४८ चा. अहिल्याबाईंनी १७७४ मध्ये त्याची पुनर्बांधणी केली. दोघांचंही नाव घ्यावं.

मानमंदिर घाटावर वरचा कोरीव झरोका तेवढा बघा. वेधशाळेची यंत्रं गच्चीवर आहेत, पाण्यातून दिसत नाहीत. ललिता घाटाच्या वर लाकडी नेपाळी मंदिर आहे. डिसेंबर २०२१ मध्ये विश्वनाथ धाम खुलं झाल्यापासून इथला देखावा पार बदलला, नदीवरून थेट मंदिरापर्यंत रुंद पायऱ्या झाल्या. आतलं आजचं विश्वनाथ मंदिर अहिल्याबाईंचं, १७८० चं.

मणिकर्णिकेच्या पुढचं संध्याकाळी लिहितो, तो भाग घाईत उरकण्यासारखा नाही.

---

तिसरीघंटा | मंगळवार, सकाळी ९.०५

मधेच क्रूझची बाजू मांडतो. इथे कोणीच ती घेणार नाही असं दिसतंय.

दुमजली वातानुकूलित क्रूझ २०१८ पासून चालू आहे. तिकीट ऑनलाइन, वेळ ठरलेली, खाली स्वच्छतागृह, चढायला धक्का. सत्तरीपुढच्या माणसांना दोन तास बिनपाठीच्या फळीवर बसवण्यापेक्षा हे बरं नाही का? नोव्हेंबरअखेर पहाटे पाण्यावर वारं चांगलंच बोचरं असतं.

---

वल्हवत | मंगळवार, सकाळी ९.४०

स्वच्छतागृहाचा मुद्दा बिनतोड आहे, नावेत ती सोय नाही. पण क्रूझ मोठी, तिला पाणी खोल लागतं, म्हणून ती काठापासून लांबून जाते. राजा घाटाचा दगड आणि मुन्शी घाटाचा दगड यांतला फरक तिथून कळत नाही. शिवाय मध्ये हवं तिथे उतरता येत नाही आणि "भैया, जरा रोकना" चालत नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की नदीत रेतीचे उंचवटे वर येतात, तेव्हा तर मोठ्या बोटींना मधला खोल पट्टा सोडताच येत नाही.

वारं आणि फळी यांवर उपाय आहे: कानटोपी, शाल आणि माणशी एक उशी. हॉटेलवाल्याला सांगितलं तर देतो.

---

पायरी१०० | मंगळवार, सकाळी १०.१८

गुडघ्यांचा प्रश्न तसाच राहिलाय. घाट म्हटलं की पायऱ्या आल्याच, पण सगळ्या सारख्या नाहीत.

सोपे: अस्सी (पायऱ्या रुंद, रिक्षा जवळपर्यंत येते), आणि उत्तर टोकाचा नमो घाट, जुन्या नावाने खिडकिया घाट. तिथे उतार केलेला आहे, गाडी जवळ येते, व्हीलचेअर जाते.

मध्यम: दशाश्वमेध. पायऱ्या बऱ्या, पण गाड्या गोदौलियाच्या चौकातच थांबतात, तिथून गर्दीतून चालत यावं लागतं. धावतपळत नव्हे, पण थकवणारं.

अवघड: मणिकर्णिका, शिंदे, पंचगंगा. पायरीची उंची घोट्याच्या बरीच वर, मध्ये टेकायला कठडा नाही, आणि वर पोचलात की गल्ली, वाहन नाही.

खरा धोका चढण्यात नाही, नावेतून पायरीवर पाऊल टाकण्यात आहे. पाण्यालगतच्या दोन-तीन पायऱ्यांवर शेवाळ असतं. नाव काठाला लागली की नाववाला दोर धरतो तेव्हाच उठायचं, एका वेळी एकानेच. पाय पायरीच्या कोरड्या भागावर, हात नाववाल्याच्या खांद्यावर. चपला पायातच ठेवा, अनवाणी जास्त घसरतं. मोटरबोट बाजूने गेली तर तिची लाट बसेपर्यंत थांबा. त्या लाटेने नाव वीतभर खाली-वर होते आणि नेमका तेव्हाच पाय मुरगळतो.

अस्सीबद्दल एक सावधगिरी: पूर ओसरल्यावर तिथे गाळाचा जाड थर राहतो. पंप लावून पाण्याच्या मोठ्या फवाऱ्याने तो परत नदीत ढकलतात, पण काम आठवडेच्या आठवडे चालतं. नोव्हेंबरअखेर बहुतेक मोकळं झालेलं असतं. ऑक्टोबरात जाणाऱ्यांनी नाव कुठे लागते ते आदल्या संध्याकाळी बघून यावं.

---

कॅमेराबंद | मंगळवार, दुपारी १.३०

वेळेबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. मुंबई-पुण्याच्या घड्याळावर जाऊ नका. बनारस आपल्यापासून दहा अंश पूर्वेला, सगळं लवकर होतं. नोव्हेंबरअखेर सूर्योदय साडेसहाच्या जरा आधी, संध्याकाळी पाच-सव्वापाचला सूर्य घाटांमागे गेलेला. जूनमध्ये तर पाच वाजून पाच-दहा मिनिटांनी उजाडतं.

फोटो हवे असतील तर सूर्योदयाआधी वीस मिनिटं नाव पाण्यात असली पाहिजे. सूर्य वर आल्यावर पहिला अर्धा तास दगड मधासारखा दिसतो, त्यानंतर सपाट होतो. संध्याकाळी प्रकाश इमारतींच्या मागून येतो, घाट काळे पडतात. संध्याकाळची फेरी दिव्यांसाठी, वास्तू बघायला नाही.

मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र इथे कॅमेरा, फोन, सगळं खाली. नाव लांबून जात असली तरी. तिथे कोणाच्या घरचं माणूस असतं.

डिसेंबर-जानेवारीत जाणाऱ्यांसाठी: धुकं दाट असलं की नावा सोडत नाहीत. राखीव दिवस ठेवा. आणि हिवाळ्यात जे पांढरे पक्षी नावेभोवती घोंघावतात, ते कुरव. तिकडे सगळे त्यांना "सायबेरियन" म्हणतात. शेवेची पाकिटं विकायला शेजारून नाव येईल, घेऊ नका. तेलकट शेव हे त्यांचं अन्न नाही. फोटोतही चोचीत शेव बरी दिसत नाही.

---

दोनतिकिटं | मंगळवार, दुपारी ३.१५

खूप उपयोगी. मणिकर्णिकेला नाव लावून वर जाऊन बघावं का?

---

कॅमेराबंद | मंगळवार, दुपारी ३.२२

नको.

---

पायरी१०० | मंगळवार, दुपारी ३.५०

कारणासहित सांगतो. उतरलात की कोणीतरी "समाजसेवक" गाठ पडतो, चांगल्या जागेवरून दाखवतो म्हणून वर नेतो, आणि मग गरिबांच्या सरणासाठी लाकडाचे किलोच्या भावाने पैसे मागतो. त्यातला पैसा लाकडाला जातो की कुठे, हे तपासायचा मार्ग नाही. नाही म्हटलं की आवाज चढतो. पाण्यातूनच हात जोडून पुढे जा.

---

ब्रह्माघाटकर | मंगळवार, सायंकाळी ७.४५

आता मणिकर्णिकेच्या पुढचा पट्टा. इथून नाववाल्याला म्हणा, वल्हं हळू.

धुराच्या पट्ट्यातून बाहेर आलात की डावीकडे एक देऊळ पाण्यात कललेलं दिसेल. ते रत्नेश्वर महादेव. कल सुमारे ९ अंश, पिसाच्या मनोऱ्याचा ४ च्या आसपास आहे. देऊळ घाटाच्या अगदी तळाशी बांधलं, त्यामुळे वर्षाचा बराच काळ गाभारा पाण्याखाली किंवा गाळात असतो. नाववाला "काशी करवट" म्हणून सांगेल. ते चूक. काशी करवट हे वेगळं देऊळ, आत गल्लीत.

रत्नेश्वर ज्या घाटाच्या पायथ्याशी आहे तो शिंदे घाट, बायजाबाई शिंद्यांचा, १८३० चा. बांधकाम इतकं वजनदार झालं की जमीन खचली आणि पुढे घाट नव्याने उभारावा लागला. मणिकर्णिका आणि शिंदे यांच्या मध्ये दत्तात्रेय घाट आहे, पादुकांचा. अरुंद आहे, लक्ष नसेल तर निसटतो.

त्यापुढे संकठा, मग तो दुसरा गंगामहाल, आणि भोसले घाट. वर लक्ष्मीनारायणाचं देऊळ. संत्रानगरींनी सांगितलेल्या खिडक्या अगदी वरच्या पट्टीत आहेत, खालची सगळी भिंत बंद. कारण पुराचं पाणी तिथवर येतं. घाटावरचा कुठलाही जुना वाडा बघा, खालचे दोन मजले जवळजवळ आंधळे असतात.

मग राम घाट, जटार घाट (आडनावावरून गाव ओळखा), बालाजी घाट. इथल्या बालाजी मंदिरात उस्ताद बिस्मिल्ला खाँ रियाज करत.

आणि पंचगंगा. वर दिसते ती आलमगीर मशीद. इथलं बिंदुमाधवाचं भव्य मंदिर औरंगजेबाच्या काळात पाडलं गेलं, त्या जागी ती उभी राहिली. तिचे दोन उंच मिनार म्हणजे "माधोराव का धरहरा", जुन्या चित्रांत काशीची खूण तीच. आता मिनार नाहीत: एक १९४८ मध्ये कोसळला, दुसरा नंतर धोक्याचा म्हणून उतरवला. आजचं बिंदुमाधव मंदिर शेजारीच, साध्या घरासारखं, शिखर नाही, म्हणून नावेतून ओळखू येत नाही. ते बांधलं औंधच्या पंतप्रतिनिधींनी, आपल्या सातारकडच्या. घाटावर दगडी दीपमाळ आहे, "हजारा" म्हणतात, ती अहिल्याबाईंच्या नावावर. कार्तिकात इथे बांबूंच्या टोकाला टोपल्यांतून आकाशदिवे चढवतात. आपला आकाशकंदील आठवेल.

पुढचे दुर्गा घाट आणि ब्रह्मा घाट नारायण दीक्षित पाटणकरांचे. ब्रह्मा घाटाच्या वर नाना फडणवीसांचा वाडा. या गल्ल्यांत अजून मराठी ऐकू येतं, हिंदीच्या चालीवर, पण येतं.

---

संत्रानगरी | मंगळवार, रात्री ८.१०

याचं प्रिंट काढून नेतो. एवढं तर आमच्या गाइडलाही ठाऊक नसतं.

---

पंचांगवाचक | मंगळवार, रात्री ८.३५

दोन गोष्टी. पहिली, निघण्याआधी कार्तिक पौर्णिमा कधी आहे ते बघा. त्या संध्याकाळी देव दिवाळी असते, सगळ्या घाटांवर दिवे. दिसतं अप्रतिम, पण नावेचे भाव एरवीच्या कैक पट, आरक्षण महिने आधी, आणि रस्ते दुपारीच बंद. तुमच्यासारख्या गटाने तो दिवस टाळलेला बरा. निदान एक दिवस पुढे-मागे.

दुसरी, घरच्या ज्येष्ठांनी "पंचतीर्थी" हा शब्द काढला तर ती वेगळी फेरी आहे, घाटदर्शनात घुसडू नका. क्रम अस्सी, दशाश्वमेध, आदिकेशव, पंचगंगा, मणिकर्णिका. म्हणजे आधी थेट उत्तर टोकाला जायचं आणि मग प्रवाहाविरुद्ध उलट यायचं. प्रत्येक ठिकाणी उतरून स्नान किंवा आचमन, संकल्प. मोटरबोटीनेही अर्धा दिवस सहज जातो. आणि त्यात मणिकर्णिकेला उतरावं लागतंच.

---

तिसरीघंटा | मंगळवार, रात्री ९.००

दशाश्वमेधची संध्याकाळची गंगा आरती नावेतून बघावी की घाटावरून?

---

वल्हवत | मंगळवार, रात्री ९.४५

आरती करणारे नदीकडे तोंड करून उभे असतात, म्हणजे समोरून बघायला नावच बरी. घाटावर मागे बसलेल्यांना बराच वेळ पाठ दिसते. पण नावेतून बघायचं तर पहिल्या दोन-तीन रांगांत असायला हवं. नावा एकमेकींना खेटून बांधतात. उशिरा आलेली नाव सातव्या रांगेत, आणि पुढच्या बजड्याच्या वरच्या मजल्यावरचे लोक उभे राहिले की संपलं. बजडा म्हणजे तीच मोठी दुमजली बोट, क्रूझ नव्हे. म्हणून आरतीआधी तासभर तरी जागा धरावी लागते. हिवाळ्यात आरती सहाच्या सुमारास, उन्हाळ्यात सातच्या, चालते पाऊण तास.

सगळ्यात मोठी अडचण शेवटी येते. आरती संपली की सगळ्या नावा एकदम सुटायला बघतात. आतल्या रांगेतली नाव बाहेरच्या निघाल्याशिवाय हलत नाही. मोटारी एकाच वेळी चालू, धूर, धक्के. ज्यांना गुडघे, दमा किंवा नुसता कंटाळा आहे त्यांच्यासाठी दशाश्वमेधला लागून असलेल्या एखाद्या गच्चीवरची खुर्ची उत्तम.

अस्सीला पहाटेही आरती असते. "सुबह-ए-बनारस", २०१४ पासून. गर्दी बरीच कमी, पाठोपाठ गायन-वादन. ती बघून तिथूनच नावेत बसता येतं. तुमच्या एका सकाळीत दोन्ही बसतं.

---

पायरी१०० | मंगळवार, रात्री १०.२०

सुरक्षेचंही बोलून टाकू. लाइफ जॅकेट नावेत असतात, पण बाकड्याखाली कोंबलेली. काढायला लावा, घाला, आणि बकल लावून बघा. तुटकं बकल हा नेहमीचा दोष. नावेवर नोंदणी क्रमांक आणि प्रवासी संख्या रंगवलेली असते, ती वाचा. दहाच्या नावेत चौदा बसवत असतील तर उतरा.

नाव कलते ती बहुतेक वेळा लाटेने नव्हे, सगळे एका बाजूला फोटोला सरकले म्हणून. बजड्याच्या वरच्या मजल्यावर हे जास्त धोक्याचं, कारण वजन आधीच उंचावर असतं.

मोटरबोट मध्येच बंद पडली तर घाबरू नका. बहुतेकदा पंख्यात निर्माल्याच्या माळा किंवा कापड अडकलेलं असतं. चालक मोटार थांबवून, वाकून काढतो. तोवर नाव आपोआप खाली वाहत राहते. उभं राहायचं नाही, एवढंच.

---

आषाढस्य | मंगळवार, रात्री ११.०५

धागा चांगला चाललाय, पण जुलै-ऑगस्टमध्ये जायचं असेल तर? सुट्टी तेव्हाच आहे.

---

ब्रह्माघाटकर | बुधवार, सकाळी ७.००

मग नाव धरूच नका हिशेबात. पाणी वाढलं की प्रशासन नौकानयन बंद करतं आणि ते आठवडेच्या आठवडे बंद राहू शकतं. इथली इशारा पातळी ७०.२६२ मीटर, धोक्याची ७१.२६२. आजवरचा उच्चांक १९७८ चा, ७३.९०१ मीटर. पूर मोठा असला की रोज सकाळी पेपरात हाच आकडा पहिल्यांदा बघतात.

धोक्याच्या पातळीच्या बऱ्याच आधी घाटांचा एकमेकांशी संपर्क तुटतो. अस्सीवरून दशाश्वमेधपर्यंत पायऱ्यांवरून चालत येता येत नाही, प्रत्येक घाटाला गल्लीतून उतरायचं. दशाश्वमेधची आरती मागे सरकत सरकत गच्चीवर जाते. मणिकर्णिकेवर दहन वरच्या मजल्यावर, हरिश्चंद्रला गल्लीत. त्या दिवसांत शहर बघा, पाणी लांबून बघा. नाव ऑक्टोबर ते मार्च.

---

दोनतिकिटं | बुधवार, सकाळी ९.३०

सगळ्यांचे आभार. आराखडा असा ठरतोय: पहाटे साडेपाचला अस्सी, आरती, सहाच्या सुमारास वल्ह्याची नाव, राजा घाटापासून हळूहळू, मणिकर्णिका लांबून, शिंदे ते पंचगंगा रेंगाळत. चौघं पंचगंगेला उतरून वर गल्लीत जाणार. दोघं ज्येष्ठ नावेतच बसून पुढे नमो घाटाला, तिथे गाडी बोलावलेली. जमेल?

---

वल्हवत | बुधवार, सकाळी ९.५०

जमेल. पंचगंगा ते नमो घाट अजून अर्धा-पाऊण तास, तेही प्रवाहाबरोबरच. फक्त ज्येष्ठांसोबत तरुण एक जण बसवा. उतरताना आधाराला माणूस हवा, आणि गाडीवाल्याला फोनही कोणीतरी करायला हवा. पुढे मालवीय पूल दिसतो, वर रस्ता आणि खाली रेल्वे, १८८७ चा. तो दिसला की नमो घाट आलाच.

भाव ठरवताना "दो जगह उतरेंगे, पंचगंगा और नमो घाट" हे आधी सांगा. नंतर सांगितलंत तर भांडण ठरलेलं.

आणि एक, या नावांची वल्ही बघा. बांबूच्या टोकाला चौकोनी फळी ठोकलेली, खुंटीला दोरीच्या वेढ्यात अडकवलेली. दोरी कोरडी असली की करकरते, म्हणून नाववाला निघताना तिच्यावर ओंजळभर पाणी मारतो. विचारलंत तर मुलांना वल्हवायलाही देतो, पण फळी आडवी धरून मारली की नाव जागची हलत नाही आणि पाणी सगळं मागच्यांच्या अंगावर.

---

संत्रानगरी | बुधवार, सकाळी १०.१५

पंचगंगेला उतरून वर गेलं की खायला काय मिळतं ते कोणीच नाही सांगितलं राव.

---

ब्रह्माघाटकर | बुधवार, सकाळी १०.४०

चौखंबा गल्लीतून ठठेरी बाजाराकडे या. आरामात चाललं तरी पंधरा-वीस मिनिटं. कचोरी-जिलबी बाराही महिने. नोव्हेंबरअखेर मलइयो सुरू झालेलं असेल: दूध रात्रभर दवात ठेवून पहाटे घुसळतात, वर येणारा केशरी फेस तेवढा मातीच्या कुल्हडात भरून देतात. फेस खाऊन झाला की त्याच कुल्हडात थोडं केशरी दूध मागा, ते भावातच असतं. ऊन चढलं की फेस बसतो, म्हणून नऊ-साडेनऊच्या आत पोचा.